मेश सुटते कुठून? दुर्बिणीतून केलेल्या पोटाच्या हर्नियात टॅक, टाके आणि रिकरन्स

प्रश्न चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तरुण सर्जनचा आहे. ४२ वर्षांची शेतमजूर महिला, दोन सिझेरियन, दोन्ही बेंबीखालच्या उभ्या छेदातून. बीएमआय ३१. दीड वर्षापूर्वी दुसरीकडे आयपॉम झालं, म्हणजे दुर्बिणीतून पोटाच्या आत पेरिटोनियमवर (पोटाच्या आतल्या पातळ अस्तरावर) मेश, म्हणजे जाळी, लावली गेली. तेव्हा डिफेक्ट (पोटाच्या भिंतीतलं हर्नियाचं भोक) उभा ५ आणि आडवा ४ सेंमी होता, त्याची खालची कड प्यूबिसच्या (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या) ३ सेंमी वर. १५ बाय १५ ची कंपोझिट मेश (आतड्याकडच्या बाजूला संरक्षक थर असलेली), विरघळणाऱ्या ३० टॅकची (मेश भिंतीला खिळवणाऱ्या बारीक पिनांची) एकच रांग. डिफेक्ट शिवला नाही, मेश धरायला पोटाच्या भिंतीतून आरपार टाके घेतले नाहीत. आता ओटीपोटात पुन्हा फुगवटा आहे. सीटीत मेशची खालची कड वर दुमडलेली दिसते आणि तिच्याखाली ४ बाय ३ सेंमीचा डिफेक्ट आहे, प्यूबिसपासून अडीच सेंमीवर. त्यांना विचारायचं आहे की टॅक जास्त मारले असते तर हे टळलं असतं का, टायटॅनियमचे टॅक हवे होते का, आणि आता काय करावं.

टॅक वाढवून हे टळलं नसतं. ३० टॅक कमी नाहीत. १५ बाय १५ च्या मेशवर कडेपासून १ सेंमी आत रांग घेतली तर तिची लांबी ५२ सेंमी भरते, म्हणजे दर पावणेदोन सेंमीला एक टॅक. पहिल्या रांगेसाठी हे अंतर चालण्यासारखं आहे. अडचण खालच्या बाजूच्या सात-आठ टॅकांची आहे. ते फेशियात (स्नायूवरच्या मजबूत पांढऱ्या पडद्यात) बसलेच नसावेत, मूत्राशयासमोरच्या चरबीत बसले असावेत. ऑपरेशन नोटमध्ये मूत्राशय खाली सोडवल्याचा उल्लेख आहे का, ते पाहा. नसेल तर कारण तिथेच आहे.

ओव्हरलॅपचा हिशेब करून पाहू. डिफेक्टच्या चारही बाजूंना किमान ५ सेंमी मेश हवी, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. इथे खालची कड प्यूबिसच्या ३ सेंमी वर होती. म्हणजे मेशची खालची कड प्यूबिसच्या वरच्या काठापेक्षा २ सेंमी खाली, हाडाच्या मागे रेट्झियसच्या जागेत (हाड आणि मूत्राशय यांच्यामध्ये) जायला हवी होती. पेरिटोनियम न उघडता तिथे जाताच येत नाही. पेरिटोनियम तसंच ठेवलं तर मेशचा खालचा भाग मूत्राशयावर आणि त्याच्या चरबीवर पसरून राहतो. पुढे लघवी भरते, रिकामी होते आणि तो भाग रोज वरखाली हलतो. हलणाऱ्या पृष्ठभागावर मेश रुजत नाही, दुमडते.

आता क्षेत्रफळाचं गणित. ५ बाय ४ च्या लंबगोल डिफेक्टचं क्षेत्रफळ सुमारे १६ चौरस सेंमी आणि मेशचं २२५, म्हणजे प्रमाण १४ च्या आसपास. हे प्रमाण १६ किंवा त्याहून जास्त असावं असा आज बऱ्याच सर्जनांचा आग्रह आहे, आणि तो मला पटतो. कारण ५ सेंमीचा सरसकट नियम मोठ्या डिफेक्टला पुरत नाही. गोल डिफेक्ट २ सेंमीचा असेल तर ८ सेंमीची मेश म्हणजे ३ सेंमी ओव्हरलॅप १६ पट होतो. ४ सेंमीला १६ सेंमीची मेश लागते, ओव्हरलॅप ६. डिफेक्ट ६ सेंमीचा झाला की मेश २४ सेंमीची हवी आणि ओव्हरलॅप ९. डिफेक्टसोबत ओव्हरलॅपही वाढवावा लागतो. पण तुमच्या पेशंटमध्ये कागदावर १४ दिसणारं प्रमाण खालच्या बाजूला जवळपास शून्य होतं. सरासरी ओव्हरलॅप कितीही असो, हर्निया परत येतो तो ज्या बाजूला ओव्हरलॅप सर्वांत कमी आहे तिथूनच. म्हणून नोटमध्ये मेशचा नुसता आकार लिहू नका. चारही बाजूंचा प्रत्यक्ष ओव्हरलॅप वेगवेगळा लिहा.

टॅकच्या यंत्रणेकडे थोडं बारकाईने पाहायला हवं. टायटॅनियमचा स्प्रिंगसारखा टॅक जेमतेम ३.८ मिमी लांब असतो. त्यातला सुमारे १ मिमी मेशच्या जाडीत जातो. उरलेल्या पावणेतीन मिमीत पेरिटोनियम, त्यामागची चरबी आणि मग फेशिया, एवढं सगळं गाठायचं असतं. विरघळणारे टॅक थोडे लांब असतात, साधारण ५ मिमी, पण गणित फारसं बदलत नाही. बीएमआय ३१ च्या बाईच्या बेंबीखाली पेरिटोनियममागची चरबी सहज ८-१० मिमीची असते. शिवाय आर्क्युएट लाइनच्या खाली, म्हणजे बेंबी आणि प्यूबिसच्या साधारण मध्यापासून खाली, रेक्टसच्या (पोटाच्या मधल्या उभ्या स्नायूच्या) मागे पोस्टीरियर शीथच, म्हणजे मागचं मजबूत आवरणच, नसते. तिथे पातळ ट्रान्सव्हर्सॅलिस फेशिया तेवढी असते. वरच्या पोटात जो टॅक घट्ट बसतो, तोच ओटीपोटात नुसता टोचलेला राहतो.

म्हणून मेश पोटात घालण्याआधी जागा साफ करा. वरच्या पोटात फाल्सिफॉर्म लिगामेंट (लिव्हरला पोटाच्या भिंतीशी जोडणारा पडदा) आणि त्याची चरबी खाली घ्या. बेंबीखाली मीडियन आणि मीडियल अम्बिलिकल लिगामेंट (बेंबीपासून खाली उतरणाऱ्या पट्ट्या) चरबीसकट सोडवा. मेश जिथे जिथे टेकणार तिथे फेशिया पांढरी दिसली पाहिजे. याला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि ऑपरेशनमधली सर्वांत उपयोगी मिनिटं हीच. त्यांची बचत करून शेवटी टॅकची दुसरी हँडपीस उघडण्यात पेशंटचा फायदा नाही.

टॅक मारताना दुसऱ्या हाताची बोटं बाहेरून पोटावर ठेवून टॅकरच्या (टॅक मारायच्या यंत्राच्या) टोकासमोर दाब द्यायचा. टोक बोटांना लागलं पाहिजे. लागत नसेल तर घोडा ओढू नका, कारण एकतर मध्ये चरबी आहे किंवा तुम्ही भलत्या जागी आहात. टॅकर भिंतीला काटकोनात हवा. बहुतेक जण सगळे पोर्ट डावीकडे घालतात, त्यामुळे उजव्या भिंतीवर टॅक छान बसतात आणि डाव्या भिंतीवर, म्हणजे पोर्टच्या बाजूला, तिरपे जातात. तिरपा टॅक मेशमध्ये अडकलेला दिसतो, पण फेशियात त्याचा एखाद-दुसरा वेढाच असतो. यासाठी समोरच्या बाजूला ५ मिमीचा एक जास्तीचा पोर्ट घाला. त्याची जखम बोटाच्या नखाएवढी असते आणि त्याशिवाय डावी कड नीट बसत नाही.

दोन रांगांच्या पद्धतीत बाहेरची रांग मेशच्या कडेपासून १ सेंमीवर घेतात, दोन टॅकमध्ये १ ते दीड सेंमी अंतर ठेवतात, आणि आतली रांग डिफेक्टच्या काठाभोवती. बाहेरच्या रांगेत दोन टॅकमध्ये २ सेंमीपेक्षा जास्त जागा राहिली तर आतडं मेशच्या मागे शिरू शकतं. आतली रांग मेशला भिंतीशी चिकटवून ठेवते, म्हणजे मेश आणि भिंत यांच्यामध्ये पोकळी राहत नाही.

आता टायटॅनियम की विरघळणारे. मेश रुजण्याचं काम पहिल्या काही आठवड्यांत होतं. प्राण्यांवरच्या अभ्यासांत दोन आठवड्यांतच जोडाची बरीचशी ताकद आलेली दिसते. विरघळणारे टॅक काही महिने ताकद धरतात आणि वर्षभराच्या आसपास नाहीसे होतात. म्हणजे तत्त्वतः ते पुरायला हवेत. तरी डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदवहीत इन्सिजनल (जुन्या छेदातून आलेल्या) हर्नियाच्या दुर्बिणीतल्या दुरुस्तीनंतर विरघळणाऱ्या टॅकच्या गटात पुन्हा ऑपरेशन जास्त करावं लागलं. दुसरीकडे, विरघळणाऱ्या टॅकने दीर्घकाळचं दुखणं कमी होतं ही अपेक्षा तुलनात्मक चाचण्यांत ठामपणे खरी ठरली नाही. म्हणून माझं मत असं: छोटा डिफेक्ट, पातळ पेशंट आणि शिवून बंद केलेला डिफेक्ट असेल तर विरघळणारे चालतील. डिफेक्ट ४ सेंमीच्या वर, जाडी, खोकला, किंवा हर्निया हाडाजवळ असेल तर टायटॅनियम, आणि सोबत न विरघळणारे टाके. टायटॅनियमच्या टॅकमुळे पुढे एमआरआय करता येणार नाही, अशी भीती पेशंट नेहमी बोलून दाखवतात. टायटॅनियम चुंबकाला ओढलं जात नाही, एमआरआय करता येतो. ते कार्डावर लिहून द्या म्हणजे पुढच्या सेंटरवर अडवणूक होत नाही.

नुसत्या ग्लूवर मेश सोडू नये. बेंबीच्या हर्नियात फायब्रिन ग्लू आणि टॅक यांची तुलना झाली आहे. ग्लूने सुरुवातीचं दुखणं कमी झालं, पण पुढे रिकरन्स (हर्निया परत येणं) जास्त दिसला.

आरपार टाक्यांबद्दल मतं टोकाची आहेत. ताकदीच्या चाचण्यांत एक आरपार टाका एका टॅकच्या सुमारे अडीच पट ताण सोसतो. हे खरं असलं तरी सगळ्या कडेने टाके घालण्याची गरज नसते. चार दिशांना चार टाके आणि मेश मोठी असेल तर मध्ये दर ५ सेंमीला एक, एवढे पुरतात. त्यांचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो: मेश मधोमध आणि ताणून बसते. टाके नसले की पहिला टॅक ठरवतो मेश कुठे जाणार, आणि ती हमखास एका बाजूला सरकते.

टाका घालताना त्वचेवर २ मिमीचा छेद, त्यातूनच सुचर पासर (दोरा आत नेणारी सुई) दोनदा आत, पण फेशियातली दोन छिद्रं १ सेंमी अंतरावर. दोन्ही एकाच छिद्रातून गेले तर टाक्याला धरायला फेशियाच नसते. गाठ फेशियापर्यंत उतरवा, पण आवळू नका, कारण मध्ये स्नायू आहे आणि पोट फुगवायला भरलेला गॅस सोडल्यावर तो जाड होतो. शेवटी त्वचेला खळगा पडला असेल तर आर्टरी फोर्सेप्सच्या टोकाने त्वचा सुटी करा. रेक्टसच्या बाहेरच्या बाजूला इंटरकोस्टल नर्व्ह इंटर्नल ऑब्लिक आणि ट्रान्सव्हर्ससच्या मधून जातात, तिथला टाका नर्व्ह धरू शकतो. इन्फिरियर एपिगॅस्ट्रिक रक्तवाहिनी आतून दिसते, तिला पाहूनच पासर घाला. एकाच बोटाएवढ्या जागी दुखत असेल आणि ते सहा-आठ आठवड्यांनंतरही टिकलं, तर तिथे लोकल अ‍ॅनेस्थेटिकचं इंजेक्शन द्या. त्याने आराम पडतो आणि निदानही पक्कं होतं. आराम तात्पुरताच राहिला तर तो टाका काढावा लागतो. तोपर्यंत मेश रुजलेली असते, त्यामुळे काढायला हरकत नाही.

डिफेक्ट शिवणं हा भाग या पेशंटमध्ये राहून गेला. न शिवलेल्या डिफेक्टवर मेश पूल बांधते. पोटाचा दाब तिला त्या भोकातून बाहेर ढकलत राहतो. खोकताना पोटातला दाब सहज १०० मिमी पाऱ्याच्या वर जातो. हळूहळू मेश डिफेक्टमध्ये घुसते, पेशंटला फुगवटा दिसतो आणि ती म्हणते की हर्निया परत आला. कधी तो खरा रिकरन्स नसतो, नुसता मेशचा फुगवटा असतो, पण पेशंटच्या दृष्टीने फरक नाही. डिफेक्ट बंद केला की फुगवटा कमी, सेरोमा (जागेत साठणारं पाणी) कमी, आणि मेशचं संपूर्ण अंग भिंतीला टेकतं.

शिवण्यासाठी १ नंबरची काटेरी म्हणजे बार्ब्ड शिलाई किंवा पॉलीप्रॉपिलीन वापरा. काठापासून १ सेंमीवर टाके घ्या आणि मधल्या टाक्यांत सॅकचाही घास घ्या म्हणजे रिकामी पिशवी राहत नाही. दोन टाके सैल घेऊन मग गॅसचा दाब ६ ते ८ मिमी पाऱ्यावर आणा आणि नंतर ओढा. १४ च्या दाबावर ओढलं तर शिलाई काठ कापत येते. साधारण ६-७ सेंमी रुंदीपर्यंत हे जमतं. त्यापुढे ओढाताण न करता घटक वेगळे करण्याची शस्त्रक्रिया (पोटाच्या भिंतीतले थर सुटे करून मध्ये सरकवणं) किंवा रेट्रोमस्क्युलर दुरुस्ती (मेश रेक्टसच्या मागे) यांचा विचार आधीच व्हायला हवा. मेशचा आकार मात्र शिवण्याआधीच्या डिफेक्टवरून ठरवायचा. शिवून झाल्यावर मोजलं तर मेश लहान निवडली जाते.

मोजणीही कमी दाबावरच करा. १४ मिमी दाबाला पोट घुमटासारखं ताणलेलं असतं, डिफेक्ट मोठा दिसतो. त्याच दाबावर मेश ताणून लावली तर गॅस निघाल्यावर घुमट बसतो आणि मेशला चुण्या पडतात. चुण्यांमध्ये पाणी साठतं, तिथे रुजणं अर्धवट राहतं. दाब ८ वर आणा, काठांवर बाहेरून स्पायनल सुया घाला, आतून मोजपट्टीने मोजा, मग त्वचेवर मार्करने डिफेक्ट आणि मेश दोन्हींची रेघ काढा. जुन्या छेदाची पूर्ण लांबी आतून तपासा. उभ्या छेदात मुख्य डिफेक्टच्या वर किंवा खाली बोटाएवढी दोन-तीन भोकं असणं नेहमीचं आहे, आणि राहिलेलं भोक सहा महिन्यांनी नवा हर्निया म्हणून समोर येतं. मेशने सगळा जुना व्रण झाकला पाहिजे.

मेशच्या निवडीबद्दल एवढंच: पोटाच्या आत लावायची तर आतड्याकडच्या बाजूला संरक्षक थर असलेलीच, आणि आत सोडण्यापूर्वी ती बाजू कोणती हे मोठ्याने बोलून खात्री करून घ्या. फार हलकी मेश पूल बांधण्याच्या कामाची नाही. २०१६ मध्ये एक हलकी कंपोझिट मेश जगभरातून मागे घेतली गेली. डेन्मार्क आणि जर्मनीतल्या नोंदवह्यांत तिच्यासोबत रिकरन्स जास्त दिसला होता. नवीन मेश आणून देणाऱ्या प्रतिनिधीला पहिला प्रश्न तिच्या नोंदवहीतल्या निकालांचा विचारा, ती किती मऊ आहे हा नंतरचा.

टॅक कुठे मारायचे नाहीत हे टॅक किती मारायचे याहून महत्त्वाचं आहे. बरगडीच्या काठावर आणि त्याच्या वर डायफ्राममध्ये टॅक नकोत. तिथून हृदयाच्या आवरणाला इजा होऊन मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. झायफॉइडजवळच्या (छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाजवळच्या) हर्नियात फाल्सिफॉर्म सोडवून मेशची वरची बाजू लिव्हर आणि डायफ्राममध्ये मोकळी पसरवा आणि टॅक बरगडीखालीच थांबवा. खाली जांघेतल्या इलिओप्यूबिक ट्रॅक्ट या पट्ट्याच्या खाली बाहेरच्या बाजूला टॅक म्हणजे मांडीचं आयुष्यभराचं दुखणं, आणि थोडं आतल्या बाजूला इलियाक रक्तवाहिन्या.

आता या पेशंटचं काय करायचं. आपल्या भागातून येणाऱ्या पेशंटसाठी दोन गोष्टी आधी पाहा. सिकलसेलची तपासणी: विदर्भात, विशेषतः चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाकडच्या लोकांत हा आजार बराच आढळतो. सॉल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी करून प्रकार नक्की करा. पेशंट कोरडी पडू देऊ नका, थंडी वाजू देऊ नका, आणि पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होणाऱ्या अ‍ॅसिडोसिसबद्दल (रक्त आम्लधर्मी होण्याबद्दल) भूलतज्ज्ञांशी आधी बोलून घ्या. दुसरी गोष्ट खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. विडी-सिगारेट ओढत नाही असं उत्तर मिळालं तरी खर्रा, तंबाखू, गुडाखू यांच्याबद्दल नाव घेऊन विचारा, बायकांनाही. निकोटिन रक्तवाहिन्या आकसतं आणि जखम भरण्यावर त्याचा परिणाम होतो. किमान चार आठवडे बंद. हर्निया अडकलेला नसेल तर या चार आठवड्यांनी काही बिघडत नाही. सोबत एचबीए१सी, बद्धकोष्ठता, जुना खोकला, आणि जमेल तेवढं वजन.

ऑपरेशन दुर्बिणीतून करायचं ठरलं तर तीन तोंडांचा फोली कॅथेटर (लघवीची नळी) घाला, दोन्ही हात शरीरालगत, आणि डोक्याकडून टेबल १५-२० अंश खाली. पहिला प्रवेश मध्यभागातून नको, तिथे जुनी मेश आहे. रायल्स ट्यूबने जठर रिकामं करून पामर्स पॉइंट घ्या, म्हणजे डाव्या बरगडीच्या ३ सेंमी खाली, मिडक्लॅव्हिक्युलर रेषेत. मेशला चिकटलेलं सगळं थंड कात्रीनेच सोडवा, आतड्याजवळ कोणतीही एनर्जी नको. आतडं मेशला घट्ट चिकटलं असेल तर मेशचा तेवढा तुकडा आतड्यावर राहू द्या. आतडं फाटून आतला माल सांडला तर शिवा, स्वच्छ करा आणि त्या दिवशी मेश लावू नका.

रुजलेली जुनी मेश काढायची गरज नाही. खालचा दुमडलेला, सुटलेला भाग तेवढा कापून काढा. मग मूत्राशयात २०० ते ३०० मिलि सलाइन भरा म्हणजे त्याची वरची कड स्पष्ट दिसते. तिच्या वर आडवा छेद घेऊन एका मीडियल अम्बिलिकल लिगामेंटपासून दुसऱ्यापर्यंत पेरिटोनियम उघडा. सिझेरियनमुळे मूत्राशय वर ओढला जाऊन व्रणाला चिकटलेला असतो, हे गृहीत धरूनच चाला. रेट्झियसच्या जागेत उतरून सिम्फिसिस (प्यूबिसचा मधला सांधा) आणि दोन्ही कूपर लिगामेंट (त्या हाडावरचे मजबूत पट्टे) पांढरे दिसेपर्यंत साफ करा, मग मूत्राशय रिकामा करा. डिफेक्ट १ नंबरने शिवा.

नवी मेश १५ बाय १५ पुरते. डिफेक्ट ४ बाय ३ आहे, क्षेत्रफळ साडेनऊच्या आसपास, प्रमाण २० च्या वर जातं. तिची खालची कड प्यूबिसच्या अडीच सेंमी खाली पोहोचवा म्हणजे डिफेक्टच्या खाली पूर्ण ५ सेंमी मिळतात. वरची कड रुजलेल्या जुन्या मेशवर ६ सेंमी चढते. खाली दोन्ही कूपर लिगामेंटला टायटॅनियमचे दोन-दोन टॅक किंवा २-० पॉलीप्रॉपिलीनचे टाके. टॅक सिम्फिसिसपासून ३ सेंमीच्या आत ठेवा. त्याच्या बाहेर कोरोना मॉर्टिस नावाची रक्तवाहिनी हाडावरून जाते आणि तिच्यातला रक्तस्राव हाताबाहेर जातो. टॅक लिगामेंटमध्ये मारा, हाडाच्या मधोमध नको. खिळ्यासारखे सरळ घुसणारे विरघळणारे टॅक या जागी भरवशाचे नाहीत. कूपरच्या बाहेर मेश नुसती पसरवा. वर आणि बाजूंना तीन आरपार टाके आणि रेक्टसच्या पट्ट्यात टॅक. शेवटी मूत्राशयाचा पेरिटोनियल फ्लॅप मेशवर परत आणून विरघळणाऱ्या शिलाईने शिवा, आतडं शिरेल अशी फट न ठेवता. वरचा पेरिटोनियम जुन्या मेशमुळे अखंड मिळत नाही, म्हणून इथे कंपोझिटच लागेल.

पण हे सगळं मूत्राशयाच्या आसपास सराईत हात असेल तरच. नसेल तर जुन्या छेदातून उघडून रेट्रोमस्क्युलर दुरुस्ती करा आणि मेश तशीच रेट्झियसमध्ये उतरवा. त्यात कमीपणा नाही. मेश रेक्टसच्या मागे असते, पोटाचा दाबच तिला जागेवर दाबून धरतो, टॅक लागत नाहीत, आणि साधी मध्यम वजनाची मोठ्या छिद्रांची पॉलीप्रॉपिलीन चालते, जी कंपोझिटपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. खिशातून पैसे भरणाऱ्या कुटुंबाला हा फरक मोठा असतो. व्रणाची त्वचा पातळ आणि खराब असेल किंवा सीटीत आतड्याची गुंतागुंत दिसत असेल तरीही मी उघडी शस्त्रक्रियाच सुचवेन. ईटीईपी (पेरिटोनियमच्या बाहेरून काम करण्याच्या) पद्धतीने दुर्बिणीतूनही रेट्रोमस्क्युलर करता येतं, मात्र जुन्या आयपॉमनंतर पोस्टीरियर थर मेशला चिकटलेला असतो. शिकण्यासाठी ही केस नव्हे. इथे जमत नसेल तर नागपूरला मेडिकल, मेयो किंवा एम्स या सरकारी रुग्णालयांत पाठवा, पण जुनी ऑपरेशन नोट आणि सीटीची सीडी सोबत द्या.

ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाडी ११० च्या वर राहिली आणि पोट अपेक्षेपेक्षा जास्त दुखत असेल तर सीटीची वाट पाहत दिवस घालवू नका. राहून गेलेलं आतड्याचं छिद्र असंच सुरू होतं. लगेच पुन्हा दुर्बीण घाला.

सेरोमा जवळपास प्रत्येकाला थोडाफार होतो आणि पेशंट घाबरून येते. झोपल्यावर फुगवटा आत जात नसेल, खोकल्याचा धक्का लागत नसेल आणि बोटाला पाणी जाणवत असेल तर तो सेरोमाच. दुखत नसेल आणि लाली नसेल तर सहा-आठ आठवडे सुई लावू नका, सुईने जंतू आत जातात. शंका असेल तर जोर लावायला सांगून सीटी करा.

पोटाचा पट्टा चार ते सहा आठवडे. त्याने रिकरन्स टळत नाही, दुखणं कमी होतं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना पट्ट्याखाली घाम साचून बुरशी होते आणि ती खाजवून जखमेपर्यंत जाते, म्हणून आत सुती बनियन, रोज धुतलेला पट्टा आणि झोपताना पट्टा काढणं. उन्हाळ्यात पाणी कमी पडून शौचाला खडा होतो, त्यामुळे इसबगोल पहिल्या दिवसापासून.

पाच किलोच्या वर वजन सहा आठवडे नाही. धानाच्या भागातल्या बाईला मात्र एवढं सांगून भागत नाही. तिला रोवणीचं, म्हणजे भातलावणीचं, विचारा. रोवणी जुलैत असते, दिवसभर कंबरेतून वाकून. ऑपरेशन मेच्या शेवटी केलं तर ती सहाव्या-सातव्या आठवड्यातच चिखलात उतरणार, तुम्ही काहीही सांगा, कारण त्या मजुरीवर घर चालतं. तारीख फेब्रुवारी-मार्चची द्या किंवा रोवणी उरकल्यावरची. मधल्या काळात हर्निया आत जात नाही, उलट्या होतात, पोट फुगतं, यातलं काही झालं तर लगेच यायचं, हे तिला आणि घरच्यांना दोघांना सांगा.

पाठपुरावा वर्षभराचा पुरेसा नाही. नेदरलँड्समध्ये उघड्या पद्धतीच्या दुरुस्तीत टाके आणि मेश यांची तुलना झाली, तिचे निकाल २००० साली आले: तीन वर्षांत नुसत्या टाक्यांनंतर ४३ टक्के आणि मेशनंतर २४ टक्के रिकरन्स. त्याच पेशंटांचा दहा वर्षांचा आकडा २००४ मध्ये आला, तेव्हा ते ६३ आणि ३२ झाले होते. रिकरन्स वर्षानुवर्षं वाढत राहतो. पहिल्या दोन वर्षांत परत आला तर बहुतेक वेळा तंत्रात कमतरता असते: ओव्हरलॅप, न साफ केलेली चरबी, राहिलेलं भोक. नंतर आला तर मेश आकसणं, वाढलेलं वजन, खोकला यांचा वाटा मोठा. तुमच्या पेशंटचा दीड वर्षाचा आहे आणि खालच्या कडेचा आहे.

डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'लॅप हर्नियोप्लास्टी केली' लिहू नका. डिफेक्टची लांबी-रुंदी कमी दाबावर किती, शिवला की नाही आणि कशाने, मेशचा प्रकार आणि आकार, वर-खाली-डावीकडे-उजवीकडे किती ओव्हरलॅप, टॅक कोणते आणि किती, आरपार टाके कुठे, मूत्राशय सोडवला का, एवढं मराठीत किंवा इंग्रजीत सात-आठ ओळींत मावतं. मेशच्या डब्यावरचं स्टिकर फाइलला आणि पेशंटच्या कार्डाला, दोन्हीकडे चिकटवा.